जागेनुसार आठवण करून देणारा फोन गप्प राहतो तेव्हा: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

लक्षणं आधी. ‘घरी पोचलो की आठवण कर’ असं फोनला सांगून ठेवलंय आणि पोचल्यावर आठवण येतच नाही. किंवा येते, पण तुम्ही घरात शिरून, कपडे बदलून निवांत बसल्यावर. किंवा दिवसभर सगळं सामसूम असतं आणि तुम्ही सहज ते अ‍ॅप उघडलं की साचलेल्या आठवणी एकदम कोसळतात. हे तिसरं लक्षण दिसलं तर नीट लक्षात ठेवा, कारण त्यावरून निम्मं निदान तिथेच होतं.

उलट्या तक्रारीही तेवढ्याच येतात. तुम्ही घरातून हललेलाही नसता आणि फोन घरच्यांना कळवतो की तुम्ही बाहेर पडलात, थोड्या वेळाने परत आलात, पुन्हा बाहेर पडलात. ऑफिसात गेल्यावर सायलेंट झालेला फोन घरी आला तरी सायलेंटच राहतो आणि महत्त्वाचे कॉल हुकतात. हवामान जुन्या गावाचं दिसतं. आणि सगळ्यात बुचकळ्यात टाकणारी तक्रार म्हणजे कित्येक महिने बिनतक्रार चाललेली सोय एके दिवशी बंद पडते, तुम्ही काहीही बदललेलं नसताना.

घरच्यांच्या आणि ओळखीपाळखीतल्यांच्या फोनवर ही दुरुस्ती मी इतक्या वेळा केली आहे की आता खात्रीने सांगते: दोष बहुतेक वेळा त्या अ‍ॅपमध्ये नसतो आणि जीपीएसच्या चिपमध्ये तर क्वचितच असतो. तो असतो तुम्ही दिलेल्या परवानगीत किंवा फोनच्या बॅटरी वाचवण्याच्या धडपडीत. म्हणून अ‍ॅप काढून नवं टाकणं, फोन फॅक्टरी रिसेट करणं असले उपाय सुरुवातीलाच करू नका.

किती उशीर म्हणजे बिघाड?

हे कळल्याशिवाय पुढचं तपासणं व्यर्थ आहे. फोन तुमची जागा सतत बघत नसतो. अ‍ॅप फोनच्या सिस्टिमला (अँड्रॉइड किंवा आयओएसला) एक वर्तुळ आखून देतं, म्हणजे मध्यबिंदू आणि त्रिज्या, आणि झोपी जातं. हद्द ओलांडली की सिस्टिम अ‍ॅपला उठवते. सिस्टिम मात्र ठरावीक अंतरानेच डोकावते, कारण सतत बघायचं तर बॅटरी दुपारीच संपेल. अँड्रॉइडवर अ‍ॅप पार्श्वभूमीला असेल तर साधारण २ ते ३ मिनिटांचा उशीर धरूनच चालायचा. फोन बराच वेळ एका जागी पडून असेल तर तो ६ मिनिटांपर्यंत जातो. आयफोनवर नुसती रेघ ओलांडून भागत नाही. रेघेपासून थोडं पुढे जाऊन निदान २० सेकंद तिथे राहावं लागतं, मगच सिस्टिम ते मानते, नाहीतर हद्दीवर उभ्या असलेल्या माणसाला सूचनांचा भडिमार झाला असता.

ही तडजोड जुनीच आहे. १९९२ च्या सुमारास केंब्रिजमधल्या ऑलिव्हेटीच्या प्रयोगशाळेत ‘अ‍ॅक्टिव्ह बॅज’ नावाचा बिल्ला बनला होता. तो लावलेला माणूस इमारतीत कुठे आहे हे कळायचं आणि त्याचा फोन त्याच्या जवळच्या यंत्रावर वळवता यायचा. तो बिल्लाही बॅटरी टिकावी म्हणून सुमारे १५ सेकंदांतून एकदाच इन्फ्रारेड संकेत सोडायचा. तेव्हाही अचूकपणा आणि बॅटरी यांतलं एक थोडं सोडावं लागत होतं, आजही लागतं.

तेव्हा चार-पाच मिनिटांचा उशीर हा बिघाड नाही. त्यासाठी काही दुरुस्त करत बसू नका, हद्द मोठी करा म्हणजे सूचना थोडी आधी सुरू होईल. अर्ध्या तासाचा उशीर किंवा कायमची शांतता असेल तर पुढे वाचा.

पहिली तपासणी: आठवण आली होती का?

हे फुकट आहे, एका मिनिटाचं आहे आणि लोक हेच सोडतात. आठवण वेळेवर आलेली असते, पण डू नॉट डिस्टर्बने ती आवाज न करता गुंडाळून ठेवलेली असते. ऑफिसात सायलेंट करणारा नियम आणि ऑफिसात पोचल्यावर आठवण देणारा नियम एकाच वेळी लावले असतील तर पहिला दुसऱ्याचा गळा दाबतो, आणि यात कोणाचाच दोष नसतो. अँड्रॉइड ११ पासून सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन हिस्टरी आहे. ती आधी चालू करून ठेवावी लागते. ती आज चालू करा, उद्या पुन्हा बघा. सूचना तिथे नोंदलेली असेल तर जागेचं सगळं ठीक आहे, फक्त सूचनेचा आवाज आणि डू नॉट डिस्टर्बमधले अपवाद बघायचे.

त्याच बैठकीत अ‍ॅपला सूचना दाखवायची परवानगी आहे का तेही पाहा. अँड्रॉइड १३ पासून ती वेगळी मागितली जाते आणि घाईघाईत ‘नको’ दाबलेलं असू शकतं.

आणखी एक. नियम लावताना तुम्ही त्याच जागी होता का? घरात बसून ‘घरी पोचल्यावर’ असा नियम लावला तर आयफोन तुम्ही एकदा बाहेर जाऊन परत येईपर्यंत गप्प राहतो, कारण त्याला हद्द ओलांडली जाणं हवं असतं. अँड्रॉइडवर हे ज्याने त्याने अ‍ॅप कसं लिहिलंय त्यावर ठरतं. पहिल्या दिवशीच्या बऱ्याचशा तक्रारी इथेच मिटतात.

दुसरी तपासणी: परवानगी

मला एकच गोष्ट तपासायची मुभा दिली तर मी हीच तपासेन.

सेटिंग्जमध्ये जाऊन त्या अ‍ॅपची लोकेशनची परवानगी उघडा. तिथे तीन-चार पर्याय दिसतात: नेहमी, फक्त अ‍ॅप वापरताना, दर वेळी विचारा, नको. ‘फक्त अ‍ॅप वापरताना’ निवडलेलं असेल तर निदान झालं. अ‍ॅप उघडल्यावर आठवणी एकदम कोसळण्याचं जे लक्षण वर सांगितलं ते यातूनच येतं: उघडलं, जागा कळली, सगळे नियम एकदम लागू झाले. जागेवर चालणाऱ्या नियमांना ‘नेहमी’ लागतंच, कारण हद्द ओलांडताना फोन तुमच्या खिशात लॉक असतो.

हा पर्याय चुकीचा निवडला जातो यात वापरणाऱ्याची चूक फारशी नाही. अँड्रॉइड १० ने २०१९ साली ‘नेहमी’ आणि ‘फक्त वापरताना’ वेगळे केले. अँड्रॉइड ११ ने त्यापुढे जाऊन ‘नेहमी’ हा पर्याय विचारणाऱ्या चौकटीतून काढूनच टाकला. आता तो सेटिंग्जच्या पानावर जाऊन निवडावा लागतो. म्हणजे समोर आलेल्या चौकटीत तुम्ही प्रामाणिकपणे ‘हो’ म्हटलंत तरी अर्धीच परवानगी दिली जाते.

त्याच पानावर खाली ‘अचूक लोकेशन वापरा’ असं बटण असतं. आयफोनवर ते २०२० च्या आयओएस १४ पासून आहे, अँड्रॉइडवर २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून. ते बंद असेल तर अँड्रॉइड अ‍ॅपला तुमची जागा सुमारे ३ चौरस किलोमीटरच्या अंदाजानेच सांगतो. हवामानासाठी तेवढं भरपूर झालं. घराभोवतीच्या २०० मीटरच्या वर्तुळासाठी ते निरुपयोगी आहे. आत आहात की बाहेर हे अ‍ॅपला कळायला मार्गच उरत नाही.

‘महिनोन्महिने चालत होतं, अचानक बंद पडलं’ याचं उत्तरही बहुधा याच पानावर सापडतं. अँड्रॉइड काही महिने न उघडलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या आपणहून काढून घेतो. आठवणी देणारं अ‍ॅप नीट चालत असेल तर ते उघडायची वेळच येत नाही, आणि सिस्टिमला वाटतं ते तुम्ही वापरत नाही. न वापरलेल्या अ‍ॅपसाठी हे करणारं बटण त्या अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर असतं. तेवढ्या एका अ‍ॅपसाठी ते बंद करा.

इथे एक कळकळीची विनंती. ‘नेहमी’ ही परवानगी ज्याला खरंच लागते अशा एखाद-दुसऱ्या अ‍ॅपलाच द्या. आठवण येत नाही म्हणून वैतागून सगळ्यांना सरसकट ‘नेहमी’ देणारे लोक मी पाहते आणि काळजी वाटते. तुम्ही रोज कुठे जाता, किती वाजता परतता, कुठे झोपता ही माहिती कोणाच्याही हाती जाण्याजोगी नाही. अँड्रॉइड १२ पासूनच्या प्रायव्हसी डॅशबोर्डवर गेल्या २४ तासांत कोणत्या अ‍ॅपने लोकेशन घेतलं ते दिसतं. परवानगी बदलल्यावर दुसऱ्या दिवशी तिथे एक नजर टाका.

तिसरी तपासणी: वर्तुळ

नकाशावर तुमच्या घराचा बिंदू कुठे पडलाय ते मोठं करून बघा. पत्ता टाइप करून शोधलेला बिंदू बरेचदा मागच्या गल्लीत, सोसायटीच्या फाटकावर किंवा रस्त्याच्या मधोमध पडतो. तो हाताने धरून योग्य जागी न्या.

मग त्रिज्या. हौसेने लोक ५० मीटर ठेवतात, कारण तेवढंच तर घर आहे. पण फोनला घरात असताना जागा बहुतेक वाय-फायवरून कळते आणि ती साधारण २० ते ५० मीटर इकडेतिकडे असते. म्हणजे चूकच वर्तुळाएवढी. तुम्ही पलंगावर पडून असता आणि फोनच्या अंदाजाने तुम्ही रस्त्यावर, मग परत घरात. घरात बसल्या बसल्या ये-जा नोंदली जाण्याचं कारण हेच. अँड्रॉइड बनवणाऱ्यांची स्वतःची शिफारस निदान १०० मीटरची आहे. माझ्या अनुभवात दाट वस्तीत १५० आणि विरळ वस्तीत ३०० मीटर बरे पडतात. आसपास वाय-फायच नसेल तर जागेचा अंदाज शेकडो मीटरने चुकतो. तिथे वर्तुळ त्याहून मोठं ठेवा, नाहीतर त्या जागेसाठी वेळेवर चालणारी आठवण लावा.

दोन वर्तुळं एकमेकांत शिरत असतील, म्हणजे घर आणि कोपऱ्यावरची व्यायामशाळा, तर एक नियम तरी दगा देणारच. अशा वेळी जागेपेक्षा वाय-फायच्या नावावर नियम लावता येतो का पाहा: घरच्या वाय-फायला जोडला गेला की घरी आलो. इतक्या लहान अंतरात तो कितीतरी जास्त भरवशाचा असतो.

चौथी तपासणी: वाय-फाय

मोबाइल डेटा वापरतो म्हणून वाय-फाय पूर्ण बंद ठेवणारे बरेच आहेत. फोन आसपासच्या राउटरांची ओळख ऐकतो, त्या राउटरांची जागा आधीच नोंदलेल्या यादीत शोधतो आणि स्वतःची जागा ठरवतो. यासाठी कोणत्याही वाय-फायला जोडलं जावं लागत नाही, नुसतं ऐकता यायला हवं. अँड्रॉइडवर लोकेशनच्या सेटिंग्जमध्ये ‘वाय-फाय स्कॅनिंग’ आणि लोकेशनची अचूकता वाढवणारा पर्याय असे दोन्ही चालू ठेवा. घरात जीपीएस कमजोर असतं. उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत आणि त्यांचा क्षीण संकेत स्लॅबमधून नीट उतरत नाही.

फोन जुन्या गावात अडकण्याचं कोडंही इथेच सुटतं. घर बदललं आणि राउटर सोबत आणला. यादीत मात्र त्या राउटरची जागा अजून जुन्याच घराची आहे. नव्या घरात आसपास दुसरे राउटर नसतील तर फोन त्या एकट्या साक्षीदारावर विश्वास ठेवतो. मी पाहिलेल्या एका फोनवर नकाशातला जागा दाखवणारा निळा ठिपका रस्त्यावर असताना बरोबर असायचा आणि उंबरा ओलांडला की दुसऱ्या शहरात उडी मारायचा, रोज न चुकता. राउटर बंद करून फोन खिडकीत ठेवला की ठिपका हळूहळू परत यायचा. एवढी परीक्षा केली की खात्री पटते. उपाय म्हणजे थांबणं. येणाऱ्या-जाणाऱ्या फोनांच्या नोंदींवरून यादी सुधारते, पण त्याला वेळ लागतो. तोवर नियम घरच्या वाय-फायच्या नावावर ठेवा.

व्हीपीएनला, म्हणजे इंटरनेट दुसऱ्या ठिकाणाहून वळवून आणणाऱ्या सोयीला, उगाच दोष देऊ नका. त्याने वेबसाइटना तुम्ही दुसऱ्या देशात दिसाल, पण फोनचं जीपीएस त्याने बदलत नाही. सेटिंग्जमधल्या डेव्हलपर पर्यायांत (अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीच्या, एरवी लपलेल्या पानावर) खोटं लोकेशन देणारं अ‍ॅप निवडलेलं असेल तर मात्र सगळंच बिघडतं. तिथे काही नाव दिसलं तर काढून टाका.

पाचवी तपासणी: बॅटरी

इथून पुढे थोडी चिकाटी लागते. अँड्रॉइडमध्ये २०१५ साली डोझ आलं, म्हणजे हलवला नाही, चार्जिंगला लावला नाही, स्क्रीन बंद ठेवली की फोन गाढ झोपतो आणि वाय-फायही ऐकत नाही. २०१८ साली त्यात भर पडली: जे अ‍ॅप तुम्ही कमी उघडता त्याला सिस्टिम कमी उठवते. त्यावर फोन बनवणाऱ्यांनी आपापली बॅटरी बचत चढवली. काही फोनांवर अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीतून एखादं अ‍ॅप सरकवून टाकलं की ते कायमचं गप्प होतं.

अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर बॅटरीचा पर्याय असतो, तो ‘निर्बंध नाही’ वर न्या. ऑटोस्टार्ट अशी वेगळी यादी असेल तर त्यात अ‍ॅप चालू करा, नाहीतर फोन रीस्टार्ट झाला की सगळे नियम पुसले जातात. अँड्रॉइडवर रीस्टार्टनंतर ही वर्तुळं अ‍ॅपने स्वतः पुन्हा आखायची असतात आणि त्यासाठी त्याला उठता यायला हवं. बॅटरी सेव्हर काही फोनांवर स्क्रीन बंद होताच लोकेशनच थांबवतो. संध्याकाळी चार्ज कमी झाल्यावरच आठवणी हुकत असतील तर हाच चोर. आयफोनवर बॅकग्राउंड अ‍ॅप रिफ्रेश त्या अ‍ॅपसाठी चालू आहे का ते बघा. लो पॉवर मोडमध्ये ते आपोआप बंद होतं.

‘फोर्स स्टॉप’ केलेलं अ‍ॅप तुम्ही स्वतः उघडेपर्यंत सिस्टिम उठवत नाही. रॅम मोकळी करण्याचा दावा करणारी क्लीनर अ‍ॅपं दिवसभर हेच उद्योग करत असतात. ती काढून टाका.

सहावी: नियम पुसून नव्याने लावा

नियम बंद-चालू करणं पुरत नाही, पूर्ण काढा आणि नवा बनवा, म्हणजे वर्तुळ सिस्टिमकडे नव्याने नोंदलं जातं. मर्यादाही असतात: अँड्रॉइडवर एका अ‍ॅपला १००, आयफोनवर फक्त २०. जुने, विसरलेले नियम साफ करा. एकच काम दोन अ‍ॅपना दिलेलं असेल तर एक बंद करा. सायलेंट झालेला फोन परत आवाजावर न येण्यामागे अशी दोन अ‍ॅपांची ओढाताण असते.

गाडीत बसल्यावर लागणाऱ्या नियमांबद्दल थोडक्यात: त्यांना ‘शारीरिक हालचाली’ ही वेगळी परवानगी लागते, आणि गाडी तुम्ही चालवताय की मागे बसलाय हे हलण्यावरून फोनला कळत नाही. गाडीच्या ब्लूटूथशी नियम जोडलात तर हा घोळ टळतो.

परीक्षा कशी घ्यायची

एका वेळी एकच बदल करा आणि मग ही चाचणी घ्या. वर्तुळ २०० मीटरचं ठेवा. फोन लॉक करून खिशात टाका आणि निदान अर्धा किलोमीटर लांब जा. दहा मिनिटं थांबा, परत या, आत आल्यावर आणखी दहा मिनिटं थांबा. या सगळ्या वेळात नकाशा उघडायचा नाही, ते अ‍ॅपही उघडायचं नाही. नकाशा उघडला की फोन जागा होतो, ताजी जागा घेतो, आठवण टपकन येते आणि तुम्हाला वाटतं दुरुस्ती झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चाचणी चुकीची घेतल्यामुळे महिनाभर घोळत राहिलेले बिघाड मी पाहिले आहेत.

शेवटची तपासणी: जीपीएस

जाड धातूचं कव्हर, चुंबकाची पट्टी असं काही असेल तर काढा. मोकळ्या आकाशाखाली जा आणि उपग्रह दाखवणारं एखादं साधं मोफत अ‍ॅप उघडा. जागा ठरवायला निदान ४ उपग्रह लागतात. पंधरा मिनिटं तरी द्या, कारण उपग्रहाकडून येणारा पूर्ण संदेश १२.५ मिनिटांचा असतो आणि बराच काळ बंद राहिलेल्या फोनला इंटरनेट नसेल तर तो ऐकावा लागू शकतो. चांगला फोन मोकळ्यावर ५ मीटरच्या आसपास अचूक असतो. फोन हवेत इंग्रजी आठसारखा फिरवण्याचा उपाय होकायंत्राचा आहे. त्याने नकाशावरचा बाण नीट दिशा दाखवेल, ठिपका जागेवर येणार नाही.

इथे थांबा

मोकळ्या आकाशाखाली इतका वेळ देऊनही एकही उपग्रह धरला गेला नाही, तर अँटेना किंवा तिची जोडणी गेली आहे. फोन पडला असेल, पाण्यात गेला असेल किंवा नुकतीच स्क्रीन वा बॅटरी बदलली असेल तर हे जवळजवळ नक्की समजा. मागचं झाकण स्वतः उचकटू नका. बॅटरी फुगलेली दिसत असेल तर चार्जिंगही लावू नका, तसाच अधिकृत दुरुस्ती केंद्रात न्या.

फोन कंपनीने दिलेला असेल, किंवा त्यात कामाचं वेगळं प्रोफाइल असेल, तर लोकेशनचे काही पर्याय तुमच्या हातात नसतात. ते आयटी विभागालाच सांगा, आडवाटेने उघडायला जाऊ नका.

गूगल प्ले सर्व्हिसेसचा (अँड्रॉइडवर ही वर्तुळं सांभाळणाऱ्या गूगलच्या भागाचा) डेटा पुसणं, नेटवर्क सेटिंग्ज रिसेट करणं हे उपाय वापरायचेच तर जाणकाराला शेजारी बसवून. पहिल्याने सगळ्याच अ‍ॅपची वर्तुळं जातात आणि पेमेंटसाठी जोडलेली कार्डं पुन्हा जोडावी लागू शकतात. दुसऱ्याने सगळे वाय-फाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात.

औषधाची वेळ, लहान मुलाला आणायला जाणं, वयस्कर माणूस घरी पोचल्याची खबर ही कामं आज, या क्षणीच जागेच्या नियमावरून काढून घड्याळाच्या गजरावर किंवा प्रत्यक्ष फोन करण्यावर आणा. सगळं दुरुस्त झाल्यानंतरही तिथे परत नेऊ नका.

दुरुस्ती केंद्रात जाताना फोनचा बॅकअप घ्या आणि सोबत कागदावर लिहून न्या: मोकळ्यावर किती उपग्रह दिसले, वाय-फाय बंद ठेवून ठिपका कुठे पडला, आणि बिघाड कशानंतर सुरू झाला.